मोजून श्वास देणारा माणूस

सरांना माणसाचं नाव कधी लक्षात राहिलं नाही. उंची मात्र जन्मभर राहायची. एखाद्या लग्नात जुना विद्यार्थी पाया पडायला वाकला की सर त्याला अर्ध्यातच अडवायचे. "थांब, सरळ उभा राय. पाच सात. मंग तू त्या ढोकळे खाणाऱ्या पोट्ट्याईच्या ब्याचचा!" आणि ते बरोबर निघायचं. मी अकोल्याची. माझी उंची चारचौघांत सांगण्यासारखी नाही, म्हणून मला ते "ए अकोला" म्हणायचे. हे आपण हिच्यावर उपकार करतो आहोत, असं ते चारचौघांतच सांगायचे.

अमरावतीतल्या एका खासगी दवाखान्याच्या आयसीयूचे ते प्रमुख. मी नुकतीच डॉक्टर होऊन तिथे नोकरीला लागले होते. पहिल्या दिवशी दारातून एक बुटका, टकलू, घाईतला माणूस आत आला. स्टेथोस्कोप खिशात आणि गळ्यात शिंप्याची टेप. आदल्या दिवशीच कोणीतरी पडदे शिवायचे म्हणालं होतं. मी हातानेच दिशा दाखवली, "पडदे पलीकडच्या खोलीत." माणूस निमूटपणे पलीकडे गेला, तिथल्या पेशंटला डोक्यापासून टाचेपर्यंत मोजलं आणि परत येऊन गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पडदा पाच फूट चार आहे. आता मशीन लाव." त्यानंतर वर्षभर दवाखान्यात पेशंटला पडदा म्हणायची पद्धत पडली होती.

या टेपेची भानगड अशी. माणसाला स्वतःचा श्वास घेता येईनासा झाला की घशात नळी घालून त्याला व्हेंटिलेटर लावतात. मशीनने दर श्वासाला किती हवा आत ढकलायची, हे कोणाला तरी ठरवावं लागतं. त्या काळी आमच्याकडे सढळ हाताचा रिवाज होता. बिचारा गुदमरतोय, द्या भरपूर! सरांचं म्हणणं, या भरपूर देण्यानेच माणसं मरतात. फुप्फुस म्हणजे काही ट्रॅक्टरचं टायर नव्हे. जोराने फुगवलं की आतून फाटतं, सुजतं, आणि मग आजारापेक्षा मशीनचीच जखम मोठी होते. हवा द्यायची ती उंचीच्या हिशोबाने आणि हात राखून. "माणूस आडवा कितीबी वाढो, अकोला. फुप्फुस उभ्याच मापाचं रायते."

इतर डॉक्टर त्यांना कंजूस म्हणायचे. एक बडे डॉक्टर तर राउंडला येऊन म्हणाले होते, "तुमच्या खिशातून जाते काय हो हवा?" सरांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं, टेप काढली आणि त्यांची उंची मोजून ठेवली. "उद्या तुमी इथं आले तं कामी येईल," म्हणाले. ते बडे डॉक्टर पुन्हा त्या मजल्यावर फिरकले नाहीत.

सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "श्वास म्हंजे मीठ. कमी पडलं तं वरून टाकता येते. जास्त झालं तं भाजी गेली." मी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की अजूनही मीठ घालताना माझा हात आखडतो आणि घरचे आळणी जेवतात.

आता गंमत पाहा. हवेच्या बाबतीत असा चिक्कू असलेला हा गृहस्थ घरी पानावर बसवला की राक्षस व्हायचा. त्यांच्याकडे जेवायला जाणं ही आमच्या आयसीयूतली सगळ्यात धोक्याची ड्यूटी होती. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. "नको सर" म्हटलं की ताटात दोन रोडगे. हात आडवा धरला तर हातावर रोडगा. मी एकदा वैतागून म्हणाले, "सर, हे पण माझ्या उंचीच्या हिशोबाने वाढा ना!" सर क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "पोट फाटत नाई, अकोला. पोट समजदार आहे." काकू आतून ओरडल्या, "पण पोरगी फाटून राहिली ना जी!" तरी तूप आलंच.

सगळ्यात मोठा धुमाकूळ झाला तो बकऱ्याच्या फुप्फुसाचा. नर्सेसना आणि आम्हाला नुसतं सांगून पटत नाही, दाखवलंच पाहिजे, असं सरांनी मनावर घेतलं. स्वतः माळकरी घरातले, कांदासुद्धा चातुर्मासात वर्ज्य. तरी एका रविवारी सकाळी मला स्कूटरवर मागे बसवून ते खाटकाच्या दुकानात गेले. खाटीक भला माणूस. म्हणाला, "साहेब, कलेजी घ्या ना, ताजी आहे. हे फोपसं तं आमी कुत्र्याले टाकतो." सर म्हणाले, "मले हेच पायजे, पण फाटलेलं नोको. नळीसकट दोन दे." खाटकाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की या मुलीचं लग्न चुकीच्या घरात झालंय. मी त्याला सांगणार होते की हे माझे साहेब आहेत, पण त्याने काही सुधारलं नसतं.

मग सरांच्या अंगणात, तुळशीपासून सभ्य अंतर राखून, जुनं व्हेंटिलेटर आणि दोन टोपल्या. पहिल्या फोपशाला सढळ हाताने हवा. ते असं टरारून फुगलं की आम्ही टाळ्या वाजवल्या. "वाजवा, वाजवा," सर म्हणाले. थोड्या वेळाने त्यावर बारीक फोड उठले, मग कुठूनसा फुस्स असा आवाज आला, आणि ते वरच्या बाजूने टमटमीत पण खालून काळंनिळं होऊन पडलं. दुसऱ्याला मोजका श्वास. ते हलायचं की नाही असं हलत होतं, पण तासभराने पाहिलं तर गुलाबी होतं. आमच्या सगळ्यांत वयाने मोठ्या सिस्टर होत्या, त्या नुसत्या "माय वं!" म्हणाल्या आणि खाली बसल्या. तेवढ्यात शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या, त्यांनी अंगणात श्वास घेणारं टोपलं पाहिलं आणि किंचाळल्या. त्या गडबडीत मांजरीने गुलाबी फोपसं पळवलं. सर टेप घेऊन तिच्या मागे धावले. ते तिला मोजणार होते की मारणार होते, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

पण त्या दिवसापासून आमच्याकडे कोणी अलार्म वाजला म्हणून बटण फिरवून हवा वाढवली नाही.

हसण्यावारी सांगते आहे, पण ती वर्षं हसण्याची नव्हती. कपाशीच्या फवारणीचे दिवस आले की आमचा वॉर्ड भरायचा. कोणाला फवारताना औषध चढलेलं, कोणी ते स्वतःच घेतलेलं. दर्यापूर, मूर्तिजापूर, कुठून कुठून जीपमध्ये घालून आणायचे. तरणीताठी माणसं, श्वास बंद, म्हणून मशीनवर. त्यांच्याबद्दल सर एकच गोष्ट बोलायचे, तीही हळू आवाजात: "याचं फुप्फुस आपल्याकडे चांगलं आलं आहे. चांगलंच वापस द्यायचं." सर स्वतः दर्यापूरकडचे. त्या दिवसांत ते राउंडला विनोद करायचे नाहीत, आणि घरी गेल्यावर आम्हाला जास्तच वाढायचे.

आणि मग एका पावसाळ्याच्या शेवटी चाचा आले.

चाचा चांदूर बाजारकडचे. फळबाजारातले मोठे अडते. शेतकरी संत्र्याचे ढीग आणून टाकायचे आणि चाचा उलट्या पेटीवर उभे राहून हर्रास, म्हणजे लिलाव, बोलायचे. त्यांची ख्याती अशी, की एका ढिगाची सगळी बोली, पहिल्या आकड्यापासून शेवटच्या 'दिया'पर्यंत, ते एका दमात पुकारायचे. मध्ये श्वास नाही. व्यापारी म्हणायचे, चाचांच्या बोलीत विचार करायला सवडच मिळत नाही, त्याच्यामुळे शेतकऱ्याला भाव मिळतो. हे सगळं मला नंतर कळलं. आमच्यासमोर आला तो न्यूमोनियाने दोन्ही फुप्फुसं भरलेला, क्विंटलाच्या वरचा, निळा पडलेला, बेशुद्ध देह. सरांनी टेप लावली. "पाच फूट दोन," म्हणाले, आणि मशीन पाच फूट दोनच्या मापाने लावलं.

चाचांच्या शेजारच्या पलंगावर एक मास्तर होते. काडीपैलवान, तेही पाच फूट दोन. चाचांचा धाकटा भाऊ, सगळे त्याला छोटेभाई म्हणायचे, दुसऱ्या दिवशी आत आला. त्याने भावाच्या मशीनवरचा आकडा पाहिला, मग मास्तरांच्या मशीनवरचा. पुन्हा हा, पुन्हा तो. आणि त्याचा भडका उडाला.

"डॉक्टरसाहेब! हे मास्तर पाहा, आन् आमचे भाईजान पाहा. दोघाईले सारखाच श्वास? काहून? आमी काय फुकटात आलो काय?"

सर म्हणाले, "दोघाईची उंची सारखी आहे ना बावा."

"उंचीचं काय घेऊन बसले! आमच्या घरी पाहुण्याले इतकंसं वाढलं तं पाहुणा उठून जाते. आमचे भाईजान उपाशी मरून राहिले हवेसाठी, आन् तुमी मोजून देऊन राहिले!"

खाली अॅम्ब्युलन्स येऊन उभी होती. घरच्यांनी नागपूरला हलवायचं ठरवलं होतं. चाचा त्या अवस्थेत वाटेतच गेले असते. हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि छोटेभाईच्या डोळ्यांकडे पाहिलं तर त्यालाही कुठेतरी माहीत होतं. पण काहीच न करता बघत बसणं त्याच्याने होत नव्हतं.

सरांनी त्याला स्टुलावर बसवलं. "मले सांग, तू संत्र्याची पेटी भरतं. पेटीत अर्ध्याच्या वर ओलं तणस आधीच बसलं आहे. आन् तू म्हणशील की नेहमीइतकीच संत्री त्याच्यात कोंबतो. काय होईल?"





"रस निघंन," छोटेभाई म्हणाला.

"तुझ्या भावाच्या फुप्फुसात पाणी भरलं आहे. जागा उरली आहे लहान पोराएवढी. मी मोठा श्वास कोंबला तं आज आकडा चांगला दिसंल, तू खूश होशील. आन् चार दिवसांनी रस निघंन."

छोटेभाई बराच वेळ भावाच्या छातीकडे पाहत राहिला. ती जेमतेम हलत होती. मग त्याने जे विचारलं त्याने मी हललेच. "साहेब, वाचले समजा. पण बोली बोलतीन काय? त्याईच्या दमावर आमची आडत आहे. दम गेला तं भाईजान जगून काय करतीन? ते घरात बसणारे मानूस नाईत."

सरांनी खोटं सांगितलं नाही. "जगवतो असं मी म्हणत नाई. तो वरचा मामला. पण माझ्या मशीननं त्याचं फुप्फुस मी फाटू देणार नाई. येवढंच माझ्या हातात आहे, आन् येवढं मी करतो."

रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा तरी खाली घसरतच होता. मग सरांनी पोतडीतलं शेवटचं काढलं. "पालथं करू."

आता अख्खं घर बिथरलं. नळीवरच्या माणसाला पालथं? छातीवर? एवढ्या वजनाला? एक मामू म्हणाले, पालथं झोपणं आपल्यात मना आहे. छोटेभाईने खाली निरोपही धाडला की गाडी चालू ठेवा. सर समजावत होते. पाठीकडचा भाग दबला आहे, पालथं केलं की तो उघडतो, थोड्या हवेत काम भागते. पण कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं. तेवढ्यात कोपऱ्यात तसबीहची माळ फिरवत बसलेली चाचांची म्हातारी अम्मा उठली. पोराजवळ आली, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि फिस्सकन हसली.

"अरे, ये तो बचपन से पेट पर ही सोता है! मार मार के थक गई मैं। बीवी आई तो वो भी थक गई। एक दिन नहीं सुना इसने।" मग सरांकडे वळून त्यांच्या टकलाखालच्या चेहऱ्याकडे नीट पाहून म्हणाली, "बेटा, सुला दे। आज पहली बार किसी डॉक्टर ने इसके मन की करी।"

अॅम्ब्युलन्स परत गेली.

चाचांना पालथं करण्याचा सोहळा ज्याने पाहिला नाही त्याने आयुष्यात काही पाहिलं नाही. आम्ही चार जणी, दोन वॉर्डबॉय, तरी माणसं कमी पडली, म्हणून छोटेभाई आणि त्याचे दोन भाचे गाऊन-टोप्या घालून आत. सर डोक्याशी, दोन्ही हातांनी नळी धरून. "मी 'आता' म्हणीन तवाच!" भाच्याला वाटलं हेच ते 'आता', आणि त्याने एकट्यानेच जोर लावला. चाचा अर्धे वर गेले, मी अर्धी चाचांखाली गेले. "अकोला कुठं गेली?" सर नळी न सोडता ओरडले. "इथेच आहे सर, पेटीत!" मी खालून ओरडले. हसू कोणाला आवरेना, आणि हसण्यात हात सैल पडले तर चाचा जातील म्हणून आवरल्याशिवाय चालेनाही. शेवटी खरं 'आता' आलं, आणि एवढा मोठा माणूस हळुवारपणे पालथा झाला. छातीखाली उशी, गाल एका बाजूला. बाहेरच्या काचेतून अम्मा म्हणाली, "हाँ! अब मेरा बेटा लग रहा है।"

तासाभरात ऑक्सिजनचा आकडा चढायला लागला. छोटेभाई आनंदाने नाचायचाच बाकी राहिला. "साहेब, आता तं वाढवा श्वास!"

"आता?" सर म्हणाले. "आता तं उलटा मशीनचा ऑक्सिजन कमी करतो." आणि खरंच केला. छोटेभाईने कपाळावर हात मारून घेतला.

मग रोज पालथं, रोज उताणं. चाचा हळूहळू वर आले. नळी निघाली तेव्हा त्यांना उभंही राहता येत नव्हतं आणि घशातून नुसती फुसफुस यायची. घरी गेले तेही असेच, हाताने सलाम करत, शब्दाशिवाय. अम्माने सरांची दृष्ट काढली. सगळे खूश होते, फक्त सर नव्हते. "चांगलं वापस दिलं काय, हे कुठं कळलं?" असं ते मला विचारायचे, जणू मीच फुप्फुस ठेवून घेतलंय.

त्या हिवाळ्यात सर छळवादी झाले. संत्र्याच्या प्रत्येक गाडीवाल्याला थांबवून चाचांची चौकशी करायचे. उत्तरं काहीही यायची: आडत पोराने घेतली, चाचा फिरायला लागले, चाचा अजून दमतात. उन्हाळा तोंडावर आला, मृग बहाराची संत्री बाजारात उतरली, आणि एक दिवस छोटेभाईचा फोन आला की भाईजान उद्या पेटीवर चढणार आहेत. सकाळी सहाला सर माझ्या दाराशी हजर. "चाल अकोला."

बाजारात नारिंगी ढिगांच्या रांगा लागल्या होत्या. व्यापारी, हमाल, चहावाले, आणि सगळ्यांचं लक्ष त्या एका उलट्या पेटीकडे. चाचा बरेच उतरले होते. पेटीवर चढताना छोटेभाईने हात दिला, तो त्यांनी झटकला. सर माझ्या शेजारी टाचा उंचावून उभे होते. मला एकदम लक्षात आलं की इतके दिवस आम्ही या माणसाचा एकेक श्वास मोजला, पण त्याचा आवाज आम्ही कधीच ऐकला नव्हता. आमच्या धंद्यात तो ऐकायलाच मिळत नाही.

चाचांनी तोंड उघडलं. काय आवाज हो! खर्जातला, तापलेला, गाडीच्या चाकासारखा गरगरत सुटलेला. "बोलो भई बोलो, मृग का माल, शक्कर का माल," आणि त्यावर आकडे, आकड्यांवर आकडे. बोल्या वर चढत होत्या, नावं पुकारली जात होती, आणि मध्ये कुठेही श्वास नाही. सर स्वतःचा श्वास रोखून लाल झाले होते. चाचा शेवटच्या 'एक'वर आले, 'दो'वर आले, आणि आनंदाने वेडे झालेल्या सरांनी दोन्ही हात वर फेकले.

"डॉक्टरसाहब की बोली!" चाचा गरजले. बाजार हसायला लागला. आता त्या बोलीच्या वर कोणी बोलेना. चाचा पुन्हा 'एक' म्हणाले. आवाज थांबणार असं दिसलं आणि सरांनी पुन्हा हात वर केला.

छोटेभाई गर्दीतून धावत आला. "अवो साहेब, काय करून राहिले! तुमी तुमच्याच बोलीच्या वरते बोली लावून राहिले!"

"माहीत आहे," सर म्हणाले. त्यांचे डोळे गळत होते आणि ते पुसायला त्यांना हात रिकामा नव्हता, कारण तो पुन्हा वर गेला होता. मी त्यांचा सदरा धरून ओढला. त्यांनी मला झटकलं. पेटीवरून चाचांनी हे पाहिलं. त्यांना सगळं कळलं असावं, कारण ते पहिल्यांदा थांबले. चाचांनी सरांकडे पाहत, सावकाश, छाती भरून श्वास घेतला.

"घ्या," सर पुटपुटले. "आता पायजे तेवढा घ्या."

आणि चाचांनी पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात केली.